उघड्यावरची चूल, पत्र्याची किटली
रानातल्या भांड्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

घरातल्या भांड्यांवर मराठीत थोडेबहुत लिहिले गेले आहे. देवघरातली उपकरणी, लग्नात आंदण दिलेला भांड्यांचा संच, माजघरातली पितळी डब्यांची उतरंड यांना संग्रहालयांत जागा मिळाली, आठवणींच्या पुस्तकांत पाने मिळाली. जी भांडी घराबाहेर गेली, बैलगाडीच्या साटीला लटकली, मेंढरांबरोबर घोड्याच्या पाठीवरून हिंडली, दिंडीच्या सामानात बांधली गेली, त्यांच्या वाट्याला हे आले नाही. ती ठेचकाळली, काळी पडली, गळू लागली आणि भंगारात गेली. त्यांचा अभ्यास करायला आलेल्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. या वाटेवर गर्दी नाही, आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

या अभ्यासाला खानदेशाइतकी सोयीची भूमी महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. भुसावळला रेल्वेचे फाटे फुटतात. उत्तरेला सातपुडा, मधून तापी, आणि दोहोंच्या मध्ये कापसाची, केळीची, ज्वारीची शेते. इथला माणूस वर्षातले कितीतरी दिवस घराबाहेर शिजवतो आणि घराबाहेर जेवतो. ही सवय फार जुनी आहे. साक्री तालुक्यातल्या कावठे येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात सुमारे ४००० वर्षांपूर्वीची, सावळदा संस्कृतीची वस्ती उजेडात आली. वस्तीचा पसारा मोठा, पण मातीचा थर पातळ. घरे म्हणजे जमिनीत खणलेले खड्डे आणि वर छप्पर. एका जागी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या गावाचा थर असा नसतो. हंगामापुरते येऊन राहणाऱ्या, पुन्हा उठून जाणाऱ्या माणसांचा तो मुक्काम असावा, असा अर्थ त्यातून काढला गेला. धुळे जिल्ह्यातल्या मुक्कामाच्या स्वयंपाकाचा इतिहास लिहायचा तर पहिले पान कावठ्याच्या खापरांना द्यावे लागेल.

मात्र या पुस्तकाच्या मध्यभागी मी ठेवली आहे ती त्या मानाने अगदी अलीकडची वस्तू : पत्र्याची कॉफीची किटली. तिची निवड थोडी अनपेक्षित वाटेल, कारण खानदेश कॉफी पिणारा मुलूख कधीच नव्हता. पण ही किटली इकडे आली ती मुक्कामाबरोबरच.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. तेव्हापासून पुढे शंभर-सव्वाशे वर्षे या जिल्ह्याचा कारभार पावसाळा सोडला तर बराचसा तंबूतून चालला. दिवाळी झाली की साहेबाचा दौरा निघे. गाड्यांवर राहुट्या, दप्तराच्या पेट्या, खाटा आणि स्वयंपाकघर. जमाबंदी, पैमाश, फिर्यादी, शिकार असे सगळे गावाबाहेरच्या आमराईत. १८८० साली निघालेला खानदेशचा गॅझेटियर हा जाडजूड ग्रंथ वाचताना मला नेहमी त्यामागची ही फिरती दप्तरे आठवतात, त्यांतली माहिती अशाच मुक्कामांतून गोळा झाली. शेजारच्या अजिंठ्यात १८४४ पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलचे जवळजवळ सारे उरलेले आयुष्य या डोंगराळ टापूत गेले, आणि त्याची कबर भुसावळला आहे. अशा माणसांसाठी इंग्रजीत मुक्कामी स्वयंपाकाची मार्गदर्शक पुस्तके निघत. १८७८ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झालेल्या कर्नल केनी-हर्बर्टच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात तंबूतल्या स्वयंपाकावर वेगळे प्रकरणच आहे. ही पुस्तके मडमांनी आणि साहेबांनी लिहिली. चूल पेटवणारा, पाणी आणणारा, पहाटे किटली उकळणारा माणूस त्यांत नुसता ‘खानसामा’ किंवा ‘मसालची’ असतो. त्याची बाजू ऐकायची असेल तर भांड्यालाच विचारावे लागते.

म्हणून एकदा अशा किटलीकडे जवळून पाहू या. ती खाली रुंद आणि वर निमुळती असते. रुंद बुडामुळे ती तीन दगडांवर डगमगत नाही, आणि जाळाला जास्त जागा मिळाल्यामुळे पाणी लवकर उकळते. तोंड लहान असल्यामुळे गाडीच्या धक्क्यांत सांडलवंड कमी. चोच वरच्या अंगाला, काठाजवळ असते, कारण भरडलेली कॉफी उकळून थोडा वेळ ठेवली की चोथा बुडाशी बसतो आणि वरची निवळ तेवढी चोचीतून येते. चोच बुडाजवळ लावली असती तर कप चोथ्यानेच भरला असता. मुठीच्या जोडीला पुष्कळदा वर एक तारेची कडी असते, म्हणजे किटली जाळावर टांगता येते आणि काठीने उचलता येते.

आता सांधे पाहा. पत्रा म्हणजे लोखंडाचा पातळ तक्ता, त्यावर कथलाचा हात फिरवलेला. नुसते लोखंड पाण्याने गंजते. कथील गंजत नाही, पण ते महाग आणि मऊ. म्हणून ताकद लोखंडाची आणि कातडी कथलाची, अशी ही जोडी जमवलेली असते. एकोणिसाव्या शतकात जगाला लागणारा असा पत्रा मुख्यतः वेल्समधून येत असे. भारतात जमशेदपूरजवळ गोलमुरीला त्याचा कारखाना निघाला तो १९२० नंतर. पत्र्याची दोन टोके एकमेकांत दुमडून ठोकतात आणि फटीत डाख भरतात. डाख म्हणजे शिसे आणि कथील यांचे मिश्रण. नेमक्या प्रमाणात घेतले तर ते १८३ अंशांना वितळते. लाकडाच्या जाळाचे तापमान सहाशे-सातशे अंशांपुढे सहज जाते. मग ही किटली जाळावर टिकते कशी?

आतल्या पाण्यामुळे. जोवर किटलीत पाणी आहे तोवर पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, कारण आलेली सगळी उष्णता पाणी उकळण्यात खर्च होते. पाणी आटले की काही क्षणांत डाख वितळते, चोच गळून पडते आणि बूड सुटते. मुक्कामावर हे घडले तर दुसरी किटली जवळच्या गावात मिळणार नाही. त्यामुळे जाणत्या कारागिराने नुसत्या डाखावर विसंबून न राहता मूठ आणि चोच रिबिटा मारून पक्की केली. जुन्या किटलीच्या मुठीपाशी दोन रिबिटा दिसल्या तर समजावे की ही वस्तू उघड्या जाळासाठी बनवली आहे. नुसती डाखाने जोडलेली नाजूक कॉफीदाणी टेबलावर शोभते, रानात नाही. आणि मूळच्या रिबिटांशेजारी एखादी वेडीवाकडी, वेगळ्या तारेची रिबीट दिसली तर आणखी आनंद मानावा. तो दुरुस्तीचा पुरावा आहे. कुणीतरी ही किटली टाकून दिली नाही, गावातल्या पत्र्याचे काम करणाऱ्याकडे नेली, त्याने हातात असलेल्या सामानातून ती पुन्हा उभी केली. माझ्या मते भांड्याचे खरे चरित्र त्याच्या दुरुस्त्यांत असते. घडवणाऱ्याने ते एकदा घडवले, पण वापरणारे आणि सांधणारे त्याला पुढे वीस-पंचवीस वर्षे घडवत राहिले.

कॉफी खानदेशात रुजली नाही. चहा रुजला. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचाराची व्यवस्था झाली, आणि १९३० च्या दशकापर्यंत चहाचे प्रचारक देशभर बाजारांत, जत्रांत, गिरण्यांच्या दारांत चहा उकळून लोकांना पाजत होते. चहा आला तशी किटलीही आली, पण तिचे काम बदलले. आपल्याकडे चहा, साखर, दूध सगळे पातेल्यात एकत्र उकळतात आणि फडक्यातून किंवा गाळणीतून गाळतात. चोथा मागे पातेल्यात राहतो. किटलीचा संबंध येतो तो त्यानंतर, शेतात काम करणाऱ्यांपर्यंत तो चहा नेण्यासाठी. म्हणजे साहेबाच्या किटलीचे आयुष्य जाळावर गेले आणि आपल्या किटलीचे बांधावर. हा फरक वस्तूवर उमटतो. आपल्याकडच्या जुन्या किटलीचे बूड पुष्कळदा स्वच्छ असते आणि मूठ झिजलेली असते. काजळीचा पुरावा शोधायचा तर गंजाकडे, म्हणजे खानदेशी स्वयंपाकातल्या त्या सरळ उभ्या पातेल्याकडे, वळावे लागते.

किटलीच्या जगप्रवासाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याचा एक धागा थेट जळगावच्या कापसाला येऊन मिळतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, उत्तरेकडच्या फौजेच्या शिध्यात कॉफी असे आणि शिपाई ती पत्र्याच्या भांड्यात शेकोटीवर उकळत. युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइटने गुरांच्या लांबच्या प्रवासासाठी स्वयंपाकाचा गाडा बांधला, आणि त्या गाड्यापाशी उकळणारी पत्र्याची किटली हे तिकडच्या गुराख्यांच्या जीवनाचे चिन्हच होऊन बसले. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, खानदेशी कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि त्याच दशकात रेल्वे खानदेशातून पुढे सरकली. रेल्वेने कापूस मुंबईला नेला आणि परत येताना पत्रा आणला, रॉकेल आणले. हे दोन इतिहास सहसा वेगवेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतात. भांड्यांच्या अभ्यासकाने ते एकत्र वाचावेत.

रॉकेलच्या डब्याबद्दल तर एक स्वतंत्र प्रकरण लिहावे लागले. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा हा चौकोनी डबा रिकामा झाला की त्याचे दुसरे आयुष्य सुरू होई. वरचे तोंड कापून दांडा ठोकला की पाणी शेंदायला बादली. उभा ठेवला की आंघोळीचे पाणी तापवायचे भांडे. कापून उलगडला की त्यातून चिमणी, नरसाळे, धान्याचे माप, किसणी, झारा, आणि हो, किटलीसुद्धा. विलायती पत्रा इतक्या घरांत, इतक्या रूपांनी दुसऱ्या कुठल्याच वाटेने शिरला नाही. बाजारातली बोहऱ्यांची दुकाने, पत्रे कापणारे, डाख देणारे कारागीर यांची नावे इतिहासात नाहीत, पण त्यांच्या कात्रीच्या खुणा प्रत्येक वस्तूवर आहेत. आतल्या बाजूला कंपनीच्या छापाचे अर्धेमुर्धे अक्षर शिल्लक असलेले नरसाळे मला कोणत्याही चांदीच्या अत्तरदाणीइतके मोलाचे वाटते.

पत्र्यावर चढते तेच कथील तांब्या-पितळेच्या भांड्यांनाही आतून लागते. त्याला आपण कल्हई म्हणतो, आणि ती नसेल तर रानातला स्वयंपाक बिघडतो. ताक, चिंच, कढी असे काही आंबट पितळेत राहिले की कळकते, हिरवट होते, पोटाला बाधते. मुक्कामावर भांडी बदलायची सोय नसते, एकाच गंजात डाळ, भाजी, कढी सगळे करावे लागते, म्हणून प्रवासाला निघण्याआधी कल्हई करून घेण्याची रीत होती. कल्हईवाल्याचे काम पाहिलेला वाचक अजून भेटतो. जमिनीत खळगा करून कोळसा पेटवलेला, शेजारी चामड्याचा भाता. आधी वाळू आणि राखेने घासलेले भांडे तापवायचे. पुरेसे तापले की कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवायचा. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठतो, आणि त्या क्षणी धातूवरची मळकट साय निघून जाते. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळते, तापल्या पितळेवर ते पाण्यासारखे पळते, आणि बोळ्याच्या एका फेऱ्यात पिवळे भांडे आतून चांदीसारखे होते. शेवटी गार पाण्यात बुडवले की चर्रकन आवाज. कथील जास्त तापले तर काळवंडते, कमी तापले तर गोळे धरते. तापमापक नाही, घड्याळ नाही; धुराचा रंग आणि हाताचा अंदाज. ते कथील खानदेशच्या मातीत सापडत नाही. ते मलायातून, बांका बेटावरून समुद्रमार्गे येई. एरंडोलच्या किंवा शिरपूरच्या गल्लीत भाता फुंकणारा माणूस अशा रीतीने पूर्वेकडच्या खाणींशी जोडलेला होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ मध्ये निघाले. ते मोलाचे आहे, कारण गावात बसलेल्या आणि गावोगाव फिरणाऱ्या दोन्ही प्रकारच्या कारागिरांकडे त्यात सारखेच लक्ष दिले आहे. भांड्यांच्या अभ्यासाला हीच नजर लागते.

जळण कोणते, यावर भांडे ठरते. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि घरातल्या भांड्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या तो सहसा लक्षात येत नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीच्या काट्या शेतात वाळतात. त्यांचा जाळ भडकून उठतो आणि लवकर विझतो. त्यावर पातळ पत्र्याचे भांडे उत्तम, कारण ते क्षणात तापते. गोवरीची आच मंद, दीर्घ. तिच्यावर वरणाचा जाड बुडाचा गंज ठेवावा आणि निखाऱ्यांत बट्ट्या पुराव्यात. पातळ पत्र्यात वरण ठेवले तर बुडाशी लागणार हे ठरलेलेच. जाणत्या बायका भांडे चुलीवर चढवण्याआधी बुडाला बाहेरून राखेचा किंवा मातीचा पातळ लेप देतात, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि घासताना त्याच्यासकट निघून येते. जुन्या गंजाच्या बाहेरच्या बुडावर हा लेप अजून चिकटलेला दिसतो. तो मळ समजून खरवडू नये.

आणि खानदेशातले सगळ्यांत नावाजलेले रानातले जेवण पाहा. भरताचे हिरवे, लांबट, मोठे वांगे, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते बामणोद-भालोदकडच्या शेतात पऱ्हाटीच्या जाळात थेट भाजतात. त्यासाठी भांडे लागतच नाही. सोललेला गर लाकडी बडगीत ठेचतात. लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे घातलेली फोडणी तेवढी धातूच्या भांड्यात होते. सोबत कळण्याची भाकरी, नाहीतर पुऱ्या. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून हा हंगाम सुरू होतो. म्हणजे शंभर माणसांच्या जेवणात धातूचे काम निम्म्याहून कमी, बाकीचे जाळ, लाकूड आणि पान यांचे. आखाजीला मातीच्या उलट्या खापरावर मांडे भाजले जातात, तिथेही तेच. अभ्यासकाने भांडी मोजताना जिथे भांडे नाही ती जागाही वहीत लिहावी. सातपुड्यातल्या पावरा घरातली पाण्याची तुंबडी, शेतमजुराची कापडी छागल, यात्रेकरूचा फिरकीचा तांब्या यांना याच वहीत जागा आहे.

मुक्कामांची यादी करू लागलो की ती लांबत जाते. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघते आणि सुमारे महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. रोज नवे गाव, रोज नवी चूल. धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ कुटुंबकबिल्यासह घोड्यांवर संसार लादून हिंडतात, आणि त्यांनी जर्मनची हलकी पातेली पत्करली त्यामागे वजनाचा सरळ हिशेब आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचे व्यापारी राहुट्या ठोकून राहतात. आणि डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या साहित्याने नगर सजवले, धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारखे कार्यकर्ते राबले, ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले. त्या अधिवेशनाबद्दल आजवर भाषणे आणि कमानी यांविषयी लिहिले गेले. हजारो माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणारे स्वयंपाकघर हा त्याचा तितकाच मोठा पराक्रम होता, आणि खानदेशच्या इतिहासातला तो सर्वांत भव्य मुक्काम म्हणून मी त्याच्याकडे पाहतो. यावल-रावेरच्या घरांत माळ्यावर पडलेली हंडी, घंगाळी कुणाची, कुठे कुठे जाऊन आली, हे विचारणारा अभ्यासक अजून तिथे जायचा आहे. तो वाचकांपैकी कुणी असेल तर या पुस्तकाचे काम झाले.

धुळ्याला आणखी एक वारसा आहे, तोही इथे सांगितला पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून, स्वतःच्या हाताने शिजवून खाऊन, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा करत गेले. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या माळ्यांवर त्यांना कागद सापडले त्याच माळ्यांवर भांडीही होती. कागदाला मान मिळाला, भांड्याला मोड म्हणून भाव मिळाला. दप्तरे शोधण्याची ती चिकाटी आता भांड्यांच्या वाट्याला यावी.

काम सुरू करणाऱ्यासाठी थोडे व्यवहाराचे. भांडे हातात आले की ते घासू नका. चिंच, मीठ, पितांबरी काहीही नको. आधी काजळी कुठे जाड आहे, कुठे पातळ आहे हे चित्र काढून टिपा, कारण ते भांडे चुलीवर कोणत्या बाजूने बसत होते हे त्यावरून कळते. वजन करा, रिकाम्याचे आणि पाण्याने भरलेल्याचे. सांधे बोटाने चाचपा, रिबिटा मोजा, डाखाचा रंग पाहा. जुन्या डाखात शिसे असते, म्हणून हौसेखातर त्यात चहा-कॉफी करून पिऊ नका. कल्हई कितपत उरली आहे ते नोंदवा आणि नवी करून घेण्याची घाई करू नका, एकदा नवे कथील चढले की जुन्या वापराच्या खुणा त्याखाली कायमच्या झाकल्या जातात. भांडे कुठे ठेवलेले होते तिथला फोटो काढा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंजवळ बसा. अहिराणीत, लेवा बोलीत, त्या ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत लिहून घ्या आणि पहिला प्रश्न हा विचारा की आजी, हे घेऊन तुम्ही कुठवर जात होता.